सकाळी टायर प्रेशरचा दिवा लागतो, दुपारी आपोआप जातो, दुसऱ्या दिवशी परत तेच: काय तपासायचं आणि सर्व्हिस सेंटरकडून काम कसं करून घ्यायचं

सोलापुरात दिवाळी उलटली की ही तक्रार सुरू होते आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत चालूच असते. सकाळी गाडी काढली की मीटरवर पिवळा दिवा, यू आकाराचा कंस आणि मधे उद्गारचिन्ह, सोबत टुंग करून आवाज, स्क्रीनवर टायर प्रेशर कमी असल्याचा मेसेज. ऊन वर आलं, गाडी थोडी पळाली की दिवा आपोआप गायब. दुपारी सर्व्हिस सेंटरला नेली तर सगळं ठीक असतं, तिथला पोरगा मशीन लावतो, रिसेट मारतो, "सर नॉर्मल आहे" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. माझ्या गाडीला झालं, जुळे सोलापूरला आमच्या गल्लीत अजून दोघांच्या गाड्यांना झालं, आणि प्रत्येकाला वेगळंच उत्तर मिळालं, कोणाला सेन्सर बदला, कोणाला नायट्रोजन भरा, कोणाला दुर्लक्ष करा. म्हणून जे नक्की माहिती आहे ते सगळं एका जागी लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे रिसेट हा उपाय नाही. रिसेट मारल्यावर दिवा जातो, टायरमधली हवा आहे तेवढीच राहते. आणि दुसरी, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, की दिवा कधी लागतो, कसा लागतो आणि कुठल्या टायरसाठी लागतो एवढं नीट लिहून ठेवलं तर अर्ध्याहून जास्त निदान घरीच होतं, आणि उरलेल्यासाठी सर्व्हिस सेंटरला गेलात तर तुम्हाला "नॉर्मल आहे सर" म्हणून परत पाठवणं त्यांना अवघड जातं.

आधी दिवा नीट बघा. इग्निशन चालू केल्यावर एक दोन सेकंद सगळेच दिवे लागतात, ते सोडून द्या. त्यानंतर हा दिवा लागून तसाच स्थिर राहिला तर सिस्टिमचं म्हणणं आहे की हवा कमी आहे. पण सुरुवातीला साधारण मिनिट दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर सिस्टिममध्येच बिघाड आहे, म्हणजे सेन्सर बोलत नाही किंवा गाडीला ऐकू येत नाही, अशा वेळी हवेचं काही कळत नाहीये असं समजायचं आणि हाताने मोजायची. बहुतेक गाड्यांना हाच नियम असतो, तरी तुमच्या गाडीचं मॅन्युअल एकदा उघडून टीपीएमएसचं, म्हणजे टायर प्रेशरवर लक्ष ठेवणाऱ्या या सिस्टिमचं पान बघाच, जुनं पुस्तक हरवलं असलं तर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये पीडीएफ मिळतं. हा लुकलुकण्याचा फरक सर्व्हिसवाल्याला सांगितला नाही तर तो दोन्हीला एकच समजून हवा मारून देतो आणि आपला खेळ परत पहिल्यापासून.

आता मुद्द्याचं, सकाळीच का लागतो. टायरमधली हवा गार झाली की प्रेशर उतरतं, तापली की चढतं. साधारण हिशोब असा की तापमान ५ ते ६ अंशाने उतरलं की १ पीएसआय (हवेचं प्रेशर मोजायचं एकक) कमी होतो. आपल्याकडे डिसेंबर जानेवारीत पहाटे १४-१५ अंश असतं आणि दुपारी ३० च्या आसपास, म्हणजे एका दिवसातच अडीच तीन पीएसआयचा फरक नुसत्या हवामानाने पडतो, टायरला भोक नसताना. गाडी चालली की टायर स्वतः पण तापतो, त्याने अजून ३-४ पीएसआय वाढतं. म्हणून दुपारी दिवा जातो. दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, फक्त टायर तापलाय.

त्यात आपण हवा कधी भरतो ते बघा. कामावरून येताना, होटगी रोडला किंवा विजापूर रोडला पंपावर, टायर गरम असताना. समजा दाराच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय आणि तुम्ही एप्रिल मे मध्ये भर दुपारी हायवेवरून येऊन ३३ मारून घेतलं, त्या वेळी टायर आतून ६० अंशाला असेल तर तोच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे २८ अंशाला साधारण २८ पीएसआय दाखवेल, आणि काहीच न करता तसाच हिवाळ्यात गेला तर १५ अंशाला २६-२७. वरून चांगला टायर सुद्धा महिन्याला एक दोन पीएसआय हवा सोडतोच. बहुतेक सिस्टिम ठरलेल्या प्रेशरच्या २० ते २५ टक्के खाली गेलं की ओरडतात, ३३ च्या हिशोबाने ती हद्द २५-२६ ला येते. म्हणजे गाडी बरोबर सांगायलीय, हवा खरंच कमी आहे, आणि ती काही एका रात्रीत कमी झालेली नाही, कित्येक आठवडे कमीच होती.

त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे. हवा गार टायरला भरायची. गार म्हणजे गाडी किमान ३ तास उभी असलेली किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली. पंप लांब असेल तर निघायच्या आधी घरीच गेजने, म्हणजे प्रेशर मोजायच्या छोट्या मीटरने मोजा, समजा पुढचा डावा २८ आहे आणि पाहिजे ३३, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचेपर्यंत तो ३० दाखवेल, तिथे ३५ पर्यंत भरा, म्हणजे ५ वाढवा. आकडा नाही बघायचा, फरक बघायचा. हे एकदा लक्षात आलं की सोपं आहे. स्वतःचा एक गेज घ्याच, दोन तीनशे रुपयांत मिळतो, कारण वेगवेगळ्या पंपांवरच्या मशीनमध्ये दोन तीन पीएसआयचा फरक सहज असतो आणि आपल्याला आज काल तुलना करायची तर माप एकच पाहिजे. आणि पंपावर हवा मोफत असते, ती द्यायची सोय ठेवणं पंपाला बंधनकारक आहे, "मशीन बंद हाय" म्हणाला तर मॅनेजरला विचारायला लाजू नका.

किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावरचा घ्यायचा, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आतून असतं. टायरच्या कडेला जो आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. स्टिकरवर दोन रकाने असतात, दोघं तिघं बसले तर एक आणि गाडी भरलेली असली तर दुसरा, त्यात मागच्या टायरला जास्त. आपल्याकडे कितीतरी जण चादरी टॉवेलचे गठ्ठे डिकीत टाकून पुण्याला जातात किंवा पाच जण बसून वर बॅगा टाकून अक्कलकोट गाणगापूर करतात, त्यांनी दुसरा रकाना बघायला पाहिजे, कोणी बघत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. उन्हाळ्यात पंक्चरवाल्याकडे गेलं की हे बोलणं ठरलेलं असतं:

"किती मारू मालक?"

"३३ मारा मामा."

"उन्हाळा हाय, ३० च ठेवा, हायवेला फुटंल."

मामा काळजीनेच सांगत असतात पण हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची कड जास्त वाकते, प्रत्येक फेरीला वाकून सरळ होते, त्या वाकण्याने टायर आतून तापतो आणि तापलेला कमी हवेचा टायर ४३ अंशाच्या उन्हात मोहोळ टेंभुर्णीच्या पट्ट्यात शंभराने पळवला तर फुटण्याचा धोका तिथे असतो. चालताना गरम होऊन ३३ चे ३७ झाले तर ते कंपनीने धरलेलं असतं, त्यासाठी हवा काढायची नाही. गरम टायरची हवा तर कधीच काढू नका. गार असताना स्टिकरवरचा आकडा, उन्हाळा हिवाळा दोन्हीला तोच. आणि नायट्रोजनचं म्हणाल तर आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, गार झाल्यावर प्रेशर त्याचं पण तेवढंच उतरतं. घालायचा असला तर घाला, गळती जरा कमी होते म्हणतात, पण सकाळचा दिवा त्याने जाणार नाही, त्यासाठी पैसे मोजू नका.

एवढं करून, म्हणजे चारही टायर पहाटे गार असताना स्टिकरप्रमाणे भरून, दिवा आठवडाभरात परत आला तर आता खरं शोधकाम. मोबाइलच्या नोट्समध्ये रोज सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही टायरचे आकडे टाका, स्वतःच्या गेजने. गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये आकडे येत असले तरी गेजनेच घ्या, कारण उभ्या गाडीचे सेन्सर बॅटरी वाचवायला झोपलेले असतात आणि स्क्रीनवर दिसतं ते बऱ्याचदा शेवटी गाडी चालली तेव्हाचं असतं. त्याच कारणाने हवा भरल्या भरल्या दिवा जात नाही, पाच दहा मिनिटं गाडी चालवावी लागते, लोक पंपावरच उभं राहून रिसेट शोधत बसतात.

आठवड्याचे आकडे समोर आले की चित्र स्पष्ट होतं. चारही टायर सारखेच दीड दोनने खाली वर होतायत तर ते हवामान, सोडून द्या. तीन जागेवर आणि एकच रोज थोडं थोडं उतरतोय तर ती गळती, मग ती कितीही हळू असू दे. हा हळू गळणारा टायरच सगळ्यात जास्त फसवतो, कारण पंक्चरवाला पाण्यात घालून बघतो, मिनिटभरात बुडबुडा दिसला नाही की "काय नाही" म्हणून परत बसवतो.

हळू गळती घरी शोधायची असेल तर शाम्पूची एक पुडी अर्धा मग पाण्यात फेटायची आणि जुन्या पेंटच्या ब्रशने लावायची. टायर गार, हवा पूर्ण भरलेली. सुरुवात व्हॉल्व्हपासून करा. टोपण काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर फेसाचा एक थेंब ठेवा, तोंडावर पातळ पडदा धरतो. आता हलू नका, दोन मिनिटं नुसतं बघत बसा. व्हॉल्व्ह चांगला असला तर पडदा सपाट राहतो आणि वाळून जातो. गळत असला तर तो पडदा हळूच मधून फुगायला लागतो, मुगाच्या दाण्याएवढा होतो, फुटतो, आणि परत थेंब ठेवला की परत तसाच फुगतो. हे बघितलं की दुसरं काही शोधायची गरज नाही. आतली पिन सैल असते किंवा खराब झालेली, पिन आवळायचा छोटा पाना पंक्चरवाल्याकडे असतो, दहा रुपयांचं काम आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो रिममधून बाहेर येतो, तिथेही फेस लावा, रबरी व्हॉल्व्ह आपल्या उन्हाने तडकतात, बोटाने थोडा वाकवून बघा, वाकवल्यावर बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बदला.

मग रिम आणि टायरची कड जिथे भेटते ती गोल रेघ. इथे मोठे बुडबुडे येत नाहीत, बारीक साबणाचा फेस पांढऱ्या ओळीसारखा जमत जातो. याची कारणं दोन, एकतर खड्ड्यात आपटून रिम वाकलेली, नाहीतर अलॉयच्या आतल्या कडेला गंज पापुद्रे धरलेला. आपल्या रस्त्यांना पहिलं कारण लै कॉमन आहे, रिम वरून चांगली दिसते, आतल्या बाजूला चेपलेली असते, म्हणून आतली कड बघायला गाडी लिफ्टवर पाहिजे. शेवटी ट्रेड, म्हणजे रस्त्याला लागणारा भाग. खिळा दिसला तर लगेच उपटू नका, तो असतो तोपर्यंत भोक बंद करून ठेवतो, थेट पंक्चरवाल्याकडे जाऊनच काढा.

आता एक गोंधळ जो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. स्क्रीन म्हणते पुढचा डावा, तुम्ही पुढच्या डाव्याला चार वेळा तपासलं, काही नाही. विचार करा की टायर रोटेशन झालंय का. ज्या गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो त्यात प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडी नंबरावरून चाक ओळखते. रोटेशनमध्ये पुढचं चाक मागे गेलं आणि गाडीला ते शिकवलं नाही तर काही गाड्या जुन्याच जागेचं नाव दाखवत राहतात, म्हणजे स्क्रीनवरचा पुढचा डावा प्रत्यक्षात मागे बसलेला असतो. काही गाड्या स्वतःहून शिकतात, काहींना सर्व्हिस सेंटरचं मशीन लागतं. तपासायची युक्ती सोपी, एका चाकातली हवा ५ पीएसआयने काढा, गाडी दहा मिनिटं चालवा आणि स्क्रीनवर कुठला आकडा पडला ते बघा. दुसरीकडचा पडला तर गोंधळ सापडला. हवा लगेच परत भरा.

तुमच्या गाडीत प्रत्येक चाकाचे आकडे दिसतच नसतील, नुसता दिवा असेल, तर बहुतेक ती दुसऱ्या प्रकारची सिस्टिम आहे. तिच्यात टायरमध्ये सेन्सर नसतो, एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे, चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात तेच वापरले जातात. हवा कमी झाली की टायरचा घेर किंचित कमी होतो, ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं, गाडी त्यावरून ओळखते. हिला मात्र रिसेट लागतो, आणि तो चारही टायर गार असताना बरोबर भरल्यावरच मारायचा, कारण रिसेट म्हणजे तुम्ही गाडीला सांगताय की आत्ता जे आहे ते बरोबर आहे. कमी हवेवर रिसेट मारला तर गाडी कमी हवेलाच बरोबर धरून बसते, आणि गरम टायरला मारला तर रोज सकाळी ओरडते. एकच टायर नवा टाकला आणि बाकी तीन झिजलेले, तरी ही सिस्टिम घेराच्या फरकाने गोंधळते. चारही टायर सारखेच उतरले तर तिला बऱ्याचदा कळतच नाही, म्हणून अशा गाडीवाल्यांनी महिन्यातून दोनदा तरी गेज लावावा, दिव्यावर विसंबून राहू नये.

लुकलुकणाऱ्या दिव्याची कारणं वेगळी. सेन्सरच्या आतली बॅटरी सीलबंद असते, साधारण ५ ते १० वर्षं चालते, संपली की पूर्ण सेन्सर बदलावा लागतो, नुसती बॅटरी कोणी बदलून देत असेल तर जरा लांबच राहा. स्टेपनी बसवली असेल तर बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सरच नसतो, दिवा लुकलुकणारच, मूळ चाक परत बसवलं की थांबतो. बाहेरून अलॉय बसवून घेतले आणि दुकानदाराने जुन्या रिममधले सेन्सर काढून नव्यात टाकलेच नाहीत, हे पण होतं. टायर काढताना मशीनच्या पात्याखाली सेन्सर तुटतो, म्हणून पंक्चर किंवा नवीन टायर टाकताना आधीच सांगायचं, "मामा, आत सेन्सर हाय, व्हॉल्व्हच्या बाजूने पाना घालू नका." बाटलीतून घालायचं पंक्चरचं लिक्विड पण सेन्सरचं भोक बुजवू शकतं, इमर्जन्सीला वापरलं तर नंतर टायर उघडून पुसून घ्या. धातूच्या व्हॉल्व्हवर चमकदार धातूचं टोपण बसवू नका, गंजून असं चिकटतं की काढताना व्हॉल्व्हच मोडतो, प्लास्टिकचंच ठेवा. आणि एक वेगळंच कारण, डॅशकॅम किंवा स्वस्तातला मोबाइल चार्जर. सेन्सर रेडिओ सिग्नलने बोलतात, काही चार्जर तो सिग्नल बिघडवतात. दोन तीन दिवस सगळं उपसून ठेवा, लुकलुकणं थांबलं तर एकेक परत लावत बघा.

आता सर्व्हिस सेंटर. इथे लोक चिडतात आणि चिडणं साहजिक आहे, कारण दुपारी १२ ला गाडी घेऊन जायचं, तोपर्यंत टायर तापलेला, दिवा गेलेला, मशीनमध्ये सगळं हिरवं. बिचाऱ्या टेक्निशियनला पण दिसत नाही ते तो कसं दुरुस्त करणार. म्हणून पुरावा आपण न्यायचा. सकाळी गाडी चालू करतानाचा व्हिडिओ काढा, त्यात दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते, किलोमीटर, बाहेरचं तापमान आणि वेळ दिसू दे. आठवड्याचे गेजचे आकडे एका कागदावर. हे दोन समोर ठेवले की बोलण्याचा सूरच बदलतो.

जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि काम नोंदायचा कागद, बनवताना अ‍ॅडव्हायझर तुमची तक्रार त्याच्या शब्दांत "टीपीएमएस चेक" एवढीच टाइप करतो. तसं होऊ देऊ नका, शेजारी उभं राहून लिहून घ्या: "गार टायरला, सकाळी, दिवा स्थिर लागतो, मागचा उजवा रोज १ पीएसआय उतरतो, आधी रिसेट करून परत आलं." गाडी आदल्या संध्याकाळी सोडायची आणि सकाळी न हलवता चारही टायर मोजायला सांगायचं, ही एक विनंती लै महत्त्वाची आहे, ती पण जॉब कार्डवर पाहिजे. स्कॅन केला तर त्याचा फोटो किंवा प्रिंट मागा, बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक सेन्सरचा नंबर, प्रेशर, तापमान आणि बॅटरीची स्थिती दिसते. "चारही सेन्सर गेलेत, बदला" असं कोणी म्हणालं तर हा प्रिंट आल्याशिवाय होकार देऊ नका, चारही एकदम जाणं होतं पण सात आठ वर्षं जुन्या गाडीला होतं, दोन वर्षांच्या गाडीला चारही गेले म्हणजे आधी सेन्सरचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर किंवा वायरिंग बघायला पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एका गाडीला असंच चार सेन्सरचं एस्टिमेट हातात दिलं होतं, शेवटी निघाली व्हॉल्व्हची सैल पिन. काही सापडलं नाही तरी "दोष आढळला नाही" असं लिहिलेलं बंद जॉब कार्ड सही शिक्क्यासकट घ्या. एकच तक्रार वॉरंटीत असताना नोंदलेली असली की पुढे वॉरंटी संपल्यावर तोच भाग गेला तर बोलायला जागा राहते, तोंडी तक्रारीला काही किंमत नाही.

वॉरंटीत कोण काय देतं ते पण आधी माहिती पाहिजे. सेन्सर हा गाडीचा भाग, तो गाडीच्या कंपनीच्या वॉरंटीत बघायचा. टायरची वॉरंटी मात्र सहसा टायर कंपनी देते, त्यामुळे टायरचाच दोष निघाला तर डीलर तुम्हाला टायर कंपनीकडे पाठवेल, तो टाळत नाहीये, तशीच पद्धत आहे, फक्त क्लेमचा कागद त्याच्याकडून करून घ्या. खड्ड्यात आपटून तुटलेला सेन्सर किंवा रिम वॉरंटीत येत नाही, ते तुमच्या इन्शुरन्समध्ये बसतं का ते विचारायचं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर त्यातल्या न येणाऱ्या भागांची यादी वाचा, फोनवर विचारू नका, कागद वाचा.

डीलरकडे दोनदा होऊनही तेच चाललं तर वर जायचं. आधी सर्व्हिस मॅनेजर, अ‍ॅडव्हायझर नाही. मग कंपनीचा कस्टमर केअर, फोनपेक्षा ईमेल किंवा अ‍ॅपमधून, म्हणजे लेखी राहतं आणि तक्रार नंबर मिळतो. मेलमध्ये १७ अक्षरांचा चासी नंबर, किलोमीटर, दोन्ही जॉब कार्डचे नंबर, व्हिडिओ, आणि शेवटी एका ओळीत तुम्हाला काय पाहिजे ते, उदाहरणार्थ "कंपनीच्या टेक्निकल माणसाने सकाळी गार टायरला गाडी तपासावी." लांबलचक राग लिहू नका, वाचणारा माणूस शंभर मेल वाचत असतो, त्याला काय करायचंय ते एका नजरेत कळलं पाहिजे. कंपनीचा टेक्निकल माणूस डीलरकडे ठरावीक दिवशी येत असतो, तो कधी येणार ते विचारून त्याच दिवसाची अपॉइंटमेंट मागता येते, आणि तो आला की खरंच काम होतं हे मी बघितलंय, कारण त्याला रिसेट मारून मोकळं व्हायचं नसतं.

तिथूनही उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि बऱ्याच कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला लवकर हलतात. त्याच्या पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. टायरच्या दिव्यासाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, पण गरज नसताना चार सेन्सर बदलून पंधरा वीस हजारांचं बिल हातात ठेवलं असेल तर जुने सेन्सर परत मागा, बिल आणि जॉब कार्ड जपून ठेवा आणि मग हा रस्ता धरा.

कोणाची गाडी अजून अडकली असेल तर विचारताना एवढं द्या: दिवा स्थिर का लुकलुकणारा, स्क्रीनवर प्रत्येक टायरचे आकडे येतात का नाही, स्टिकरवरचं प्रेशर, पाच सहा दिवसांचे सकाळचे गार आकडे, रोटेशन किंवा पंक्चर शेवटचं कधी झालं, आणि अलॉय कंपनीचे का बाहेरचे. नुसतं "दिवा लागतोय काय करू" म्हणालात तर मलाही अंदाजाच्या पलीकडे काही सांगता येणार नाही.